मूळ प्रत

दिग्रसच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानावर,
जिथं युरियाचा वास जिना चढून येतो,
त्या खोलीत आम्ही सात जण
चोरी शिकतो.
आई गावात असंच सांगते:
"पोट्टी चोरी शिकून राह्यली, कम्प्युटरवरची,
अन् फी बी भरते वरून."

पहिल्या दिवशी नगराळे सरांनी फळ्यावर
एकच शब्द लिहिला, परवानगी.
खाली रेघ मारताना खडू तुटला.
दार उघडं दिसलं म्हणून आत शिराल, तर चोर.
दार उघडं आहे म्हणून घरधन्याला हाक माराल,
तर त्याच कामाचे पैसे मिळतील.
कधी कधी.

विकेश राठोडनं विचारलं,
"अन् घरधनी वावरात असला तं?"
"तं वट्ट्यावर बसायचं," सर म्हणाले,
"भांड्याले हात नाई लावायचा."

मी पहिली हाक मारली ग्रामपंचायतीला.
राउटरचा पासवर्ड कंपनीनं दिला तोच,
ऑपरेटर येईल त्याला सांगायचा,
नव्या कुलपाची चावी
कुलपालाच दोऱ्यानं बांधलेली.
सचिव म्हणाले, "इथं कोन येते चोराले?"
मी दिलेल्या अर्जावर त्यांनी चहाचा कप ठेवला.
त्या गोल डागासकट
झेरॉक्स आहे माझ्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात कळलं,
पुसलेलं पुसलं जात नाही.
फाईल डिलीट केली की यादीतलं नाव तेवढं कटतं.
जागा रिकामी, अशी नोंद होते,
अन् फाईल असते तिथंच, मुकाट,
तिच्या अंगावर कुणी दुसरं काही लिहीपर्यंत.
सर उदाहरण शोधत होते.
मला आमची गुंफाबाई आठवली.

रेशनच्या मशीनमध्ये ती दोन वर्षांपासून मयत आहे.
तरी महिन्याच्या महिन्याला पिशवी घेऊन येते,
राखेनं, निंदणानं झिजून गुळगुळीत झालेला अंगठा
काचेवर दाबून धरते,
अन् मशीनला समजावते,
"मी हाव ना बाप्पा, मी हाव."

सरावासाठी सरांनी शेरूभाईच्या दुकानातून
टाकून दिलेली मेमरी कार्डं आणली.
माझं नखाएवढं, कोपऱ्यात चावलेलं.
मूळ प्रतीला हात लावायचा नाही.
आधी नक्कल. मग दोघींचा हॅश,
चौसष्ट अक्षरांचा अंगठा,
एक ठिपका हलला तरी सगळा बदलणारा.
हा झिजत नाही.
नक्कल अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर असताना लाईट गेली.
लॅपटॉपच्या बॅटरीत चार टक्के.
कुणीच पंख्याला शिव्या घातल्या नाहीत,
सगळे माझ्या पडद्याकडे वाकलेले.

निघालं काय, तर
गुड मॉर्निंगची गुलाबं, शंभरेक.
एका बैलाचे अकरा फोटो, सगळे डावीकडून.
कुणाची तरी हळद.
अन् एक आवाज.

"आला नाई तू. भाकर झाकून ठेवली हाय."
मागं कुत्रं. मग ताटली पडल्याची खळखळ.
संपलं.

फैजान म्हणाला, पुन्हा लाव.
मी लावलं नाही.
तो आला का, भाकर कुणी खाल्ली,
हे विचारायला आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.
अहवालात लिहिलं:
फाईल १३७. ध्वनी, नऊ सेकंद. खासगी.
सरांनी त्या शब्दाखाली रेघ मारली,
पेन्सिलीनं, हलकी.

गेल्या सोमवारी मी वही घेऊन
रेशनच्या लायनीत उभी राहिले.
तारीख. वेळ. मशीनचा क्रमांक.
मशीन काय म्हणालं, गुंफाबाई काय म्हणाली,
हजर कोण होतं.
नकाराच्या चिठ्ठ्या पिशवीत,
पिशवीच्या तोंडावर माझी सही.
दुकानदार म्हणाला, "हे कायचं नाटक वो?"
मी तेही लिहिलं.

"इथं अंगठा लावा, बाई."
तिनं शाईत बुडवून लावला.
काळा, गोल, रेघ एकही नाही.
अहवाल असाच सोडता येत नाही,
शेरा लागतो.
शेरा: मूळ प्रत समक्ष पाहिली.
नाव दीक्षा खंडारे, सही, वेळ अकरा वाजून वीस.
मूळ प्रत तोवर सावलीत जाऊन बसली होती,
अन् मला विचारत होती,
जेवली का.